माहितीची घडी

आमच्या घरी वीज गेली की सगळे टॉर्च शोधतात आणि मी घड्याळ बघते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ही सवय गेलेली नाही. मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजायला लागते आणि अकराला थांबते. "झाली का घडी घालून?" असं आमचे हे दुसऱ्या खोलीतून विचारतात. त्यांना वाटतं ते विनोद करताहेत. मी मात्र "झाली" असं खरंच सांगते.

माझा धंदा एका वाक्यात सांगता येतो, आणि तरीही माझ्या सासरच्या एकाही माणसाला तो अजून कळलेला नाही. कारखान्यातली वीज गेली की मशीनच्या कॉम्प्युटरच्या डोक्यात त्या क्षणी जे जे चाललेलं असेल, ते बॅटरी संपायच्या आत आवरून डिस्कवर ठेवायचं आणि वीज आली की जसंच्या तसं परत बाहेर काढायचं. एवढंच. लग्नकार्यात कुणीतरी ओळख करून देतं, "ही कॉम्प्युटरमध्ये आहे," की लगेच समोरचा आपला बिघडलेला प्रिंटर काढतो. मी आजवर एकही प्रिंटर दुरुस्त केलेला नाही. येतच नाही.

माझे वडील कोकणातून सिल्वासाला सरकारी शाळेत मास्तर म्हणून आले आणि परत गेले नाहीत. मी इथेच शिकले, पुढचं शिक्षण बाहेर करून इथेच परतले. तोवर गावात कारखाने उभे राहिले होते आणि कारखान्यांना पॅनेल लागत होती. पॅनेल म्हणजे मशीनशेजारी उभं असलेलं लोखंडी कपाट. त्यात एक कॉम्प्युटर असतो, बाहेर पडदा आणि बटणं. अशी पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी चिकटले. मालकाला आम्ही सर म्हणायचो. सर लोखंड, तारा आणि गिऱ्हाईक सांभाळायचे. त्या कपाटाच्या डोक्यात काय चालतं ते माझ्याकडे.

आमची बहुतेक पॅनेल धाग्याच्या कारखान्यांत जायची. पॉलिएस्टरचा धागा मुळात सपाट आणि निर्जीव असतो. तो हीटरवरून गरम करून पिळला की त्याला फुगवटा येतो, मग त्याचं कापड अंगाला बरं वाटतं. एका मशीनवर असे दोनशेच्या वर धागे एकाच वेळी धावत असतात. कोणता हीटर किती तापलाय, कोणता धागा किती वेळा तुटला, वेग किती, ताण किती, हे सगळं पॅनेलच्या डोक्यात असतं. आता वीज क्षणभर जरी गेली तरी सगळे धागे तुटतात. त्याला इलाज नाही, माणसांनी ते पुन्हा ओवायचे. पण पॅनेल जागं होऊन हुकूम देईपर्यंत हीटर सुरू होत नाहीत. पूर्वीची पॅनेल जागी व्हायला चार-पाच मिनिटं घ्यायची आणि उठल्यावर त्यांना काही आठवत नसे. ऑपरेटर वहीत बघून एकेक आकडा पुन्हा भरायचा, आणि तिकडे हीटर गार होत जायचे.

मग मोठी बॅटरी का नाही लावत, असं सगळेच विचारतात. धाग्याच्या खात्यात उकाडा असा असतो की मोठ्या बॅटऱ्या दोन उन्हाळ्यांत पोट फुगवून बसतात. आम्ही लहान बॅटरी लावत होतो. ती नवी असताना अर्धा मिनिट टिकायची, जुनी झाली की वीस सेकंद, आणि मेमरीत असेल ते सगळं डिस्कवर लिहायला मिनिटाच्या वर लागायचं. इथे माझं काम सुरू झालं. डिस्क गोगलगाय होती, पण कॉम्प्युटरचा मेंदू चपळ होता. तेव्हा लिहायचंच कमी. आधी माहिती दाबून लहान करायची आणि मग लिहायची. परत येतानाही डिस्कवरून थोडंच वाचायचं आणि मेमरीत गेल्यावर ते फुलवायचं, म्हणजे जाणंही लवकर आणि येणंही लवकर.

दाबायचं कसं, ते मी वडिलांच्या हजेरीपटावरून शिकले असं म्हटलं तर खोटं नाही. जुन्या दप्तरांत तीच गोष्ट पुन्हा लिहायची वेळ आली की खाली नुसतं 'कित्ता' लिहायची पद्धत होती. वडील रकानेच्या रकाने कित्ता लिहायचे. मेमरीची पानंही तशीच असतात. कित्येक पानं कोरीच असतात, त्यांच्यासाठी 'कोरं' एवढंच लिहायचं. कित्येक पानांवर तोच आकडा शेकडो वेळा असतो, तिथे आकडा एकदा आणि पुढे कित्ता. आणि काही पानं चक्क कचरा असतात, उठल्यावर पुन्हा तयार करता येतात. ती टाकूनच द्यायची. हे सगळं करत मी त्या मिनिटभराचे वीस सेकंद केले, मग सोळा, मग चौदा. चौदाला सर म्हणाले, पुरे. मी ऐकलं नाही. मला आकडा एक अंकी हवा होता. का, ते विचारू नका. बायका वेणीला आणखी एक पेड का घालतात?

सुरुवातीला फजित्या झाल्याच. रांध्याच्या एका कारखान्यात दोन दिवसांच्या सुट्टीनंतर पॅनेल जागं झालं आणि सगळे हीटर तापलेले आहेत असं छातीठोकपणे सांगू लागलं. त्याच्या मते दोन दिवस गेलेच नव्हते. तिथल्या फिटरने थंडगार हीटरला पाठ टेकून मला ऐकवलं, "मॅडम, आपका मशीन अभी सपना देख रहा है." तेव्हापासून माझं पॅनेल उठल्याबरोबर आधी घड्याळ बघतं, मग प्रत्येक हीटर चाचपतं आणि त्यानंतरच तोंड उघडतं.

राखोलीचे शेठ याहून वेगळे. दमणगंगेच्या पुलाकडून आत गेलं की त्यांचा कारखाना होता. पॅनेल झोपतं आणि उठतं हे त्यांना समजावलं तेव्हा ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "बेन, मशीन ऊंघी जाय, तो उठाडशे कोण?" उठवायला कुणी लागत नाही हे त्यांना पटेना. पहिला महिनाभर ते रोज जेवून आले की तिथल्या एकुलत्या पॅनेलचं स्विच स्वतः पाडायचे, हात मागे बांधून उभे राहायचे आणि पुन्हा चालू करायचे. पॅनेल उठलं की मान हलवून ऑफिसात जायचे. महिन्यानंतर त्यांनी आणखी अकरा पॅनेल मागवली. आमच्या वर्कशॉपने एका गिऱ्हाइकाला एकदम एवढी पॅनेल कधी दिली नव्हती.

याच कारखान्यात मी माझा एक अंकी आकडा गाठला. नऊ सेकंद.

आणि इथेच मी एक शब्द लिहिला. तोवर पॅनेलवरच्या सूचना इंग्रजीत असायच्या. राखोलीच्या त्या खात्यात बहुतेक ऑपरेटर खानदेशातले, शिरपूर-साक्रीकडून आलेले. इंग्रजी सूचना दिसली की ते बिचारे बटणांवर हात न लावता कुणाला तरी हाक मारायचे. मी हट्टाने सूचना मराठीत केल्या, बटणांवर मराठी अक्षरं चिकटवली. माहिती लहान केली जाते त्या वेळी पडद्यावर काय लिहायचं हा प्रश्न आला. आमच्या ह्यांनी 'संपीडन' सुचवलं. ते शाळेत मराठी शिकवायचे, त्यांचा दोष नाही. मी म्हटलं, संपीडन वाचून ऑपरेटर डॉक्टरला फोन करेल. मी साधं लिहिलं: 'माहिती दाबत आहे. थांबा.' चार शब्द, एका ओळीत बसणारे, सगळ्यांना कळणारे. सगळ्यांना नको इतके कळणारे, हे नंतर कळलं.

त्या खात्यात सुकलाल नावाचा ऑपरेटर होता. साक्रीकडचा, चाळिशीतला, बोलायला कमी आणि हाताला चपळ. तुटलेले धागे ओवताना त्याची बोटं बघत राहावीत अशी. मराठी बटणं आल्यावर सगळ्यांत जास्त आनंद त्याला झाला होता. पॅनेलमध्ये 'शेरा' नावाचा एक रकाना होता. पाळीत काही वेगळं घडलं तर ऑपरेटरने त्यात लिहायचं आणि पाळी संपताना बटण दाबून पक्कं करायचं. बाकीचे लोक त्यात 'ठीक' एवढंच लिहायचे. सुकलाल एकेक अक्षर शोधून दोन-दोन ओळी लिहायचा.

एकदा धाग्याचा एक लॉट परत आला. विणून, रंगवून झाल्यावर कापडावर पट्टे दिसत होते. धागा नीट तापला नाही की तो रंग कमी-जास्त घेतो आणि पट्टा पडतो. तपास उलटा मागे सरकत सुकलालच्या मशीनपर्यंत आला. तो दिवस, ती पाळी, सात नंबरचा हीटर. प्रॉडक्शनच्या साहेबांनी त्याला बोलावलं. सुकलालचं म्हणणं सरळ होतं: हीटर वरखाली होत होता, मी शेऱ्यात लिहिलं, मग वीज गेली, आली, आणि मी धागे ओवायला लागलो. पाळी संपताना त्याने रकाना पुन्हा न बघताच पक्कं करायचं बटण दाबलं; लिहिलेलं असल्यामुळे मेंटेनन्सवाले बघतील असं त्याने धरलं. पण शेऱ्याचा रकाना उघडला तर तो कोरा होता.

टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या ऑफिसच्या क्लार्कने त्याचा जबाब मराठीत लिहून घेतला. सुकलालने मशीनवर जे जसं घडताना पाहिलं तसं सांगितलं आणि क्लार्कने ते तसंच उतरवलं: 'हीटरची नोंद केली. त्यानंतर वीज गेली. वीज गेल्यावर माहिती दाबली. आता नोंद दिसत नाही.' सुकलालने वाचलं, बरोबर आहे म्हणून सही केली.

मराठीत कर्ता गिळून टाकता येतो. 'माहिती दाबली.' कोणी? सुकलालच्या मनात कर्ता होता पॅनेल. पडद्यावर तसं लिहून येतं, त्याने शंभर वेळा वाचलेलं. साहेबांनी वाचलं तेव्हा त्यांच्या मनात कर्ता होता सुकलाल. आणि माहिती दाबणे म्हणजे काय ते मराठीत, गुजरातीत, हिंदीत सारखंच. त्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. माणूस स्वतःच्या सहीनिशी कबूल करतोय की मी माहिती दाबली, आणखी काय पुरावा हवा?

तरी साहेब नियमाने चालणारे होते, त्यांनी मला फोन केला. "मॅडम, एक बात बताइए. आपका पॅनेल कुछ भूलता है क्या?"

मी बेंचावर दुसऱ्या पॅनेलचं काम करत होते. नऊ सेकंदांची हवा डोक्यात होती. मी त्यांना लॉट विचारला नाही, तारीख विचारली नाही, कशासाठी विचारताय तेही विचारलं नाही. म्हटलं, "नहीं साहब. मेरा पॅनेल कुछ नहीं भूलता."

आयुष्यात मी खूप बोलले आहे, पण परत घ्यावंसं वाटतं ते हेच एक वाक्य. त्या वाक्यावर सुकलालला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं.

सोमवारी तो माझ्या वर्कशॉपच्या दारात उभा होता. कामावर निघाल्यासारखाच, हातात जेवणाचा डबा. घरी बायकोला सांगितलं नव्हतं. तक्रार करायला आला असेल असं वाटून मी आधीच कपाळाला आठी घातली. त्याने खिशातून जबाबाची नक्कल काढून माझ्यासमोर ठेवली, पण बोलला वेगळंच.

"ताई, एक इचारतो. दाबेल माहिती जाते कुठे?"

"दाबलेली? म्हणजे?"

"मशीन सांगते, माहिती दाबत आहे. मंग दाबेल माहिती जाते कुठे? सापडंल का कधी?"

मी जबाब वाचला. लाल रेघ बघितली. माझाच शब्द होता तो, माझ्याच पडद्यावरचा. मला आधी हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. त्याला म्हटलं, "सुकलालभाऊ, हे दाबणं तसं नाही हो. बसा, समजावते." खरं सांगायचं तर समजवायला मला आवडतं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल मनापासून कुणी विचारलं असेल तर या माणसाने. मी कागद घेतला, मेमरीचे चौकोन काढले. ही कोरी पानं, इथे फक्त 'कोरं' लिहिते. हे हीटरचे आकडे, हे दाबून छोटे करते, पण एकही आकडा हरवत नाही. ही धागे तुटल्याची मोजणी. तो मान डोलवत होता.

"आन् हे?" त्याने एका चौकोनावर बोट ठेवलं. त्यावर मी फुली मारली होती.

"ते पडद्याचं. पडद्यावर जे चित्र दिसतं ते काही जपून ठेवायला लागत नाही, उठल्यावर पुन्हा काढता येतं. ते मी टाकून देते. त्यानेच तर चौदाचे नऊ..."

आणि मी थांबले. सुकलाल वाट बघत होता. मी त्या फुलीकडे बघत होते.

शेऱ्याचा रकाना पाळी संपेपर्यंत पक्का होत नाही. तोवर लिहिलेली अक्षरं कुठे असतात? पडद्यावर. पडद्याच्या चौकोनात. जो मी कचरा म्हणून फेकून देत होते.

दुसरा एकही ऑपरेटर पाळीच्या मध्येच दोन ओळी लिहीत नव्हता म्हणून हे कधी उघडं पडलं नव्हतं. बाकीचे पाळी संपताना 'ठीक' लिहून लगेच बटण दाबायचे. जो नीट काम करत होता नेमका त्याचाच शब्द माझ्या पॅनेलने फेकला होता.

बेंचावर एक पॅनेल चालूच होतं. मी शेऱ्यात 'अ आ इ' लिहिलं आणि वीज काढली. नऊ सेकंद. वीज दिली. सगळे आकडे परत आले, हीटर आले, मोजणी आली. शेरा कोरा. पुन्हा केलं. पुन्हा कोरा. तिसऱ्यांदा सुकलालने स्वतः लिहिलं आणि स्वतः स्विच पाडलं. कोरा.

मला वाटलं, आता चिडेल, आणि चिडायला हवंच होतं. तो हळूच म्हणाला, "म्हंजे मी येडा नही झालो. आठ दिवस मलेच वाटत व्हतं, लिहिलंच नसंल म्हनून." मग जबाबावर तळहात ठेवून म्हणाला, "मी काहीच दाबेल नही, ताई."

"तुम्ही नाही," मी म्हटलं. "मी टाकलं."

माणसाच्या तोंडावर असं म्हणायला फार जड जातं. तरी तेवढं मी त्या दिवशी म्हटलं याचा मला आजही अभिमान आहे, नऊ सेकंदांपेक्षा किती तरी जास्त.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. राखोलीत आमची बारा पॅनेल, गलोंड्याच्या एका कारखान्याची बोलणी चाललेली. "आधी गुपचूप दुरुस्त करून टाकू. मग त्या माणसाचं बघू," म्हणाले. मी म्हटलं, "सर, मग आपण खरंच माहिती दाबली असं होईल." सरांना हसू फुटलं. भला माणूस. गाडीची किल्ली उचलून म्हणाले, "चला."

शेठच्या ऑफिसात मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शेठ ऐकून म्हणाले, "बेन, ए तमे पोते कहो छो?" हो, मीच सांगतेय, मी म्हटलं, कारण चूक माझीच आहे. साहेबांना मात्र ते पटेना. त्यांचं म्हणणं, मॅडम भल्या आहेत, माणसाला वाचवायला आपल्या अंगावर घेताहेत. वर सहीचा कागद आहेच. मी कागदावरचा 'दाबली' कसा झाला ते समजावलं. ते म्हणाले, शब्दांचा खेळ आहे. शेवटी शेठनीच तोडगा काढला. जुनी चूक वर्कशॉपमध्ये तुम्ही पाहिली ती पाहिली. आता पॅनेल दुरुस्त करा, आणि माझ्या खात्यात, माझ्या समोर, त्याच मशीनवर, त्याच माणसाच्या हाताने लिहिलेलं वीज जाऊन परत आलेलं मला दिसलं पाहिजे. दिसलं तर तो माणूस कामावर. नाही दिसलं तर तोही नाही आणि तुमची बारा पॅनेलही नाहीत.

मला चार दिवस मिळाले. पडद्याचा चौकोन परत जपून ठेवायचा म्हणजे नऊचे पुन्हा चौदा, आणि राखोलीच्या जुन्या झालेल्या बॅटऱ्यांना मी चौदावर सोडायला तयार नव्हते. पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी पडद्याच्या चित्राला आणि पडद्यावरच्या अक्षरांना एकच समजत होते. चित्र टाकलं तरी चालतं. अक्षरं थोडी असतात, ती जपायची. वेगळी करायला दोन दिवस गेले. तेरा झाले, बारा झाले, अकरा झाले. अकराच्या खाली मी पुन्हा कधी गेले नाही. जाता आलं असतं. पण प्रत्येक वेळी फुली मारायला हात उचलला की सुकलालचं बोट आठवायचं.

शब्दही बदलायचा होता. 'दाबत आहे' पडद्यावर ठेवण्याची आता माझी छाती नव्हती. सुकलाल चारही दिवस वर्कशॉपमध्ये येऊन बसत होता. घरी काय सांगणार, म्हणून डबा घेऊन निघायचाच. त्यालाच विचारलं.

"आमी धागावाले," तो विचार करून म्हणाला. "कपडा ठेवायचा तर घडी घालतो. घडी घातली म्हनून कपडा कमी होत नही ना, ताई?"

मी तिथल्या तिथे लिहिलं: 'माहितीची घडी घालत आहे. थांबा.' आणि परत येतानासाठी: 'घडी मोडत आहे.' नवीन कापड पहिल्यांदा अंगावर घालतो तेव्हा आपण घडी मोडली म्हणतो, तेच. आमच्या ह्यांनी ऐकलं आणि संपीडन कायमचं मागे घेतलं.

आता नव्या डिस्क विजेसारख्या लिहितात आणि दाबादाबीची फारशी गरज उरलेली नाही. माझी पॅनेल एकेक करून भंगारात गेली. निवृत्त होण्याआधी मी एकदा गलोंड्याच्या कारखान्यात गेले होते. तिथे एक जुनं पॅनेल अजून चालू होतं, वीज गेली तशी पडद्यावर घडीची ओळ आली आणि एक ऑपरेटर दुसऱ्याला सहज म्हणाला, "घडी घालतंय, हात नको लावू." हा शब्द कुठून आला ते त्यांना माहीत नव्हतं. सुकलालचा आहे असं मी सांगितलं, तर कोण सुकलाल म्हणाले. म्हणून हे लिहायला बसले.

तर तो पाचवा दिवस. सकाळचे अकरा वाजले होते. राखोलीच्या खात्यात मशीन थांबवलेलं, पॅनेल चालू. एका बाजूला शेठ हात मागे बांधून, शेजारी साहेब, टाइम ऑफिसचा क्लार्क जबाबाची फाइल घेऊन. सर घाम पुसत होते. आजूबाजूच्या मशीनवरचे ऑपरेटर कामात असल्याचं दाखवत एका डोळ्याने इकडे बघत होते.

साहेब म्हणाले, काय लिहायचं ते आधी ठरवायचं नाही, आणि स्विच मी पाडणार, कधी पाडणार ते सांगणार नाही. मी म्हटलं, पाडा. बेंचावर मात्र मी नेहमी लिहिणं पुरं झाल्यावरच वीज काढली होती.

सुकलालने शेऱ्याचा रकाना उघडला. हात पँटला पुसले आणि त्याच्या नेहमीच्या पद्धतीने एकेक अक्षर शोधत लिहू लागला. दोन शब्द झाले, तिसऱ्यासाठी त्याचं बोट बटणाकडे निघालं होतं, तेवढ्यात साहेबांनी खटका खाली ओढला.

'माहितीची घडी घालत आहे. थांबा.'

मी मोजत होते. सुकलालचं बोट हवेतच होतं. अकराला पडदा काळा झाला. शेठनी पुढे होऊन स्वतः स्विच वर केलं.

'घडी मोडत आहे.'

आधी घड्याळ आलं. मग हीटरचे आकडे आले, मग मोजणी. सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना उघडला, आणि त्यात तेच दोन शब्द होते. त्यांच्यापुढे रेघ उघडझाप करत होती, लिहिणारा क्षणभर थांबला असावा तशी.

'मी लिहिलं'

क्लार्कने फाइल मिटली. साहेब वाकून वाचत होते, त्यांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि सुकलालला जागा करून देत बाजूला झाले.

सुकलालने कुणाकडेच बघितलं नाही. त्याने अडलेलं बोट खाली आणलं, पुढची अक्षरं शोधली आणि वाक्य पुरं केलं.

'होतं'

मग जरा शोधून त्याने पूर्णविरामही दिला.